लेट, अलाउ, परमिट आणि आमचे बाबा

आमचे बाबा परवानगी देतात. हौस म्हणून नाही, त्यांची नोकरीच ती आहे. रंगाच्या कारखान्यात गेटमधून आत शिरलं की डाव्या हाताला एक छोटी केबिन लागते. तिला एक सरकती खिडकी, आणि खिडकीमागे बाबा. कुणाला वेल्डिंग करायचं असो, छपरावर चढायचं असो की टाकीत उतरायचं असो, आधी त्या खिडकीशी यायचं, बाबांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि सही झालेलं परमिट घेऊन कामावर जायचं. परमिट नाही तर काम नाही, मग तुम्ही मालकाचे जावई का असाना. सगळा कारखाना त्यांना परमिटकाका म्हणतो. तोंडावर म्हणतो, म्हणजे प्रेमानेच म्हणत असावा.

आता असा माणूस घरी आल्यावर तरी साधं हो किंवा नाही म्हणेल, तर ते नाव नको. लहानपणी मी "बाबा, मैत्रिणीकडे जाऊ?" असं विचारलं की प्रश्नांची सरबत्ती सुरू व्हायची. कुठे, कुणाबरोबर, परत कधी, उशीर झाला तर कळवणार कोण. सगळी उत्तरं नीट दिली की ते मान हलवायचे आणि निकाल द्यायचे, "अलाउ आहे. अप्रूव्ह नाही, हे लक्षात ठेव." बिचाऱ्या मैत्रिणीच्या घरी बसून मी निम्मा वेळ याचा अर्थ लावत असायचे. एकदा मी केस अगदी कानाच्या वर कापून आले, तेव्हा ते पेपरमागून एवढंच म्हणाले, "हे मी लेट केलं." मला तो शब्द फार लागला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

शेवटी एकदा जेवताना मी त्यांना खिंडीत गाठलं. म्हटलं, हे तुमचे सगळे शब्द मला एकदाचे समजावून सांगा. आई पाणी ओतत होती आणि मांजर ओट्याकडे टक लावून बसलं होतं.

"सोपं आहे," बाबा म्हणाले. त्यांच्या लेखी ते नेहमीच सोपं असतं. "समज, ते मांजर ओट्यावर चढलं आणि मी पेपर वाचत बसून राहिलो. याला म्हणतात लेट. अडवलं नाही, बस. अलाउ म्हणजे मांजराने विचारलं आणि मी चढ म्हणालो."

"मांजर तुम्हाला विचारायला वेडं आहे का?" आई म्हणाली.

"परमिट म्हणजे कागद. कुठलं मांजर, कुठला ओटा, किती वाजेपर्यंत. वेळ संपली की खाली. मग ते अर्ध्या उडीत का असेना."

"आणि अप्रूव्ह?" मी विचारलं.

"अप्रूव्ह म्हणजे मांजर ओट्यावर असावं हे मला मनापासून पटलंय. मला न पटतासुद्धा मी परमिट देऊ शकतो. रोज देतो. आणि मी बाहेरगावी जाताना तुला सांगून गेलो की मांजराचं काय ते तू ठरव, तर ते ऑथराइज."

"कन्सेंट राहिला."

"कन्सेंट मांजराचा," बाबा घास हातात धरून म्हणाले. "ज्याचं अंग तिथे जाणार, त्याचा. तो दुसऱ्या कुणी द्यायचा नसतो. मीही नाही, साहेबही नाही."

"आणि ते दूध पिऊन गेलं, ते कशात बसतं?" आईने विचारलं. आम्ही वळून बघितलं तर मांजर खरंच पातेल्यात तोंड घालून बसलं होतं. बाबा सोडून आम्ही दोघी हसलो. आईचं म्हणणं असं की एवढे शब्द लागतातच कशाला, आपल्याकडे सगळ्याला मिळून एकच प्रश्न पुरतो, विचारलं होतंस का?

या वेडाचं मूळ मला फार उशिरा कळलं. तेही बाबांकडून नाही. याबाबतीत ते मिठाची गुळणी धरतात. मला ते पैलवानकाकांनी सांगितलं. पैलवानकाका म्हणजे बाबांचा जुना जोडीदार. दोघंही एकेकाळी त्याच कारखान्यात फिटर होते. आता ते आमच्याकडे येतात तेव्हा दाराची कडी डाव्या हाताने काढतात, कारण उजवा हात कोपरापासून नाही.

तेव्हा तिथे ना परमिट होतं ना केबिन. एका टाकीची ढवळणी अडकली होती. ढवळणी म्हणजे टाकीच्या तळाशी फिरणारी लोखंडी पाती, रंग ढवळणारी. ती सोडवायला पैलवानकाका आत उतरणार होते. त्यांनी वरून मुकादमाला विचारलं, उतरू का? मुकादम लांबूनच हात हलवून "हं" म्हणाला. बाबा टाकीच्या तोंडाशी उभे होते. नियम असा नव्हता, पण पद्धत होती, की एकजण आत आणि एकजण बाहेर. तिकडे विजेच्या पॅनलच्या खोलीत कुणीतरी, टाकी मोकळी झाली असेल असं समजून, ढवळणीचं बटण दाबलं.

चौकशीला बाहेरून एक म्हातारे अधिकारी आले. त्यांनी प्रत्येकाला एकच विचारलं, या माणसाला आत जायची परवानगी कुणी दिली? बटण दाबणारा म्हणाला, मला कुणी सांगितलंच नाही. मुकादम म्हणाला, मी फक्त चालेल म्हणालो, परवानगी कुठे दिली? साहेब म्हणाले, माझी सही कुठे आहे? मग पाळी आली बाबांची. ते म्हणाले, "मी जाऊ दिलं." त्या अधिकाऱ्यांनी ते इंग्रजीत, 'लेट' असं लिहून घेतलं, आणि मग बाबांना समोर बसवून, न रागावता, एकेक शब्द वेगळा करून सांगितला. कोण अडवत नाही, कोण चालेल म्हणतो, कोण सही करून जबाबदारी घेतो. सगळ्यांनी परवानगी दिली होती, असं ते म्हणाले, पण ती अंगावर कुणीच घेतलेली नव्हती.

पैलवानकाका हे सगळं हसत सांगतात. "तुझा बाप तेव्हापासून बिघडला," म्हणतात. "हात माझा गेला आणि झोप याची." मला मात्र हे ऐकल्यावर तो केसांच्या वेळचा लेट आठवला, आणि तो शब्द मला का लागला होता ते कळलं. बाबांच्या सगळ्या शब्दांत तो सगळ्यात खालचा होता. तो ते स्वतःसाठी राखून ठेवत.

आता माझं. मला एका जागी बसवत नाही. आई मला भिंगरी म्हणते. शिक्षण झालं, ऑफिसात बसायची एक नोकरी धरली आणि सोडली, दुसरी धरली आणि सोडली. मग मी टाक्या तपासायचा कोर्स केला. टाकीच्या भिंतीला आतून एक छोटं यंत्र लावायचं, आवाजाच्या लहरींवरून पत्र्याची जाडी मोजायची, कुठे गंजून पातळ झालाय ते शोधायचं. बाबांनी कोर्सची फी भरली. पण बोलले काही नाहीत. मला वाटलं, चला, अलाउ आहे. मग एका कंपनीचं बोलावणं आलं. त्यांच्या टोळ्या या कारखान्यातून त्या कारखान्यात फिरतात, महिनोन्‌महिने घराबाहेर. आधी एक काम करून दाखवायचं, जमलं तर पुढच्या सोमवारपासून टोळीबरोबर कायमचं निघायचं. मला हे हवं होतं. इतकं हवं होतं की रात्री कूस बदलतानाही मी टाकीचा पत्रा मोजत होते.

मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बघू."

बघू! त्यांच्या सगळ्या शब्दांच्या बाहेरचा शब्द. दुसऱ्या दिवशी विचारलं तर पेपरची घडी करत म्हणाले, "तू मोठी आहेस." तिसऱ्यांदा विचारलं तर उठून नळ गळतोय का ते बघायला गेले. नळ गळत नव्हता. मग त्यांच्या येरझारा सुरू झाल्या. जेवण झालं की बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून बाहेरची खोली, खिशात हात घालून किल्ल्या खुळखुळवत. आई म्हणायची, बसा हो घटकाभर, मला गरगरायला लागलं. ते बसायचे आणि पुन्हा उठायचे. मी खिडकीशी उभी, ते फरशीवर, आणि घरात शब्द नाही. दोघंही त्याच मातीचे, दुसरं काय.

मला काही त्यांच्या परवानगीची गरज नव्हती. वयाने मी केव्हाच मोकळी होते. मी उठून गेले असते तर त्यांनी अडवलंही नसतं, हे मला ठाऊक होतं, आणि तेच नको होतं. मला लेट नको होतं, अलाउ नको होतं, परमिट तर मुळीच नको होतं. अप्रूव्ह म्हणाले असते तर चाललं असतं, पण खरं सांगायचं तर तेही नाही. मला त्यांच्या तोंडून साधा हो हवा होता. तो मिळाल्याशिवाय पाऊल निघत नव्हतं, आणि याची मला लाजही वाटत होती आणि संतापही येत होता.

त्यात ती बॅग. घरात मोठी बॅग एकच, आणि ती माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे. तिथपर्यंत हात फक्त बाबांचा पोचतो. आईने त्यांना दोनचार वेळा सांगितलं, "अहो, ती बॅग काढून द्या, ऊन दाखवायला हवं." बाबा वर बघायचे, म्हणायचे, "बघू," आणि पुन्हा किल्ल्या खुळखुळवत चालू लागायचे. बॅग वरच.

दैवाची गंमत अशी की करून दाखवायचं ते काम निघालं बाबांच्याच कारखान्यात. वर्षातून एकदा तिथे शटडाउन असतो, तेव्हा टाक्या रिकाम्या करून धुतात आणि तपासतात. आमच्या टोळीचे म्होरके, ज्यांना सगळे मोजपट्टी म्हणतात कारण ते तसेच उंच आणि सरळ आहेत, मला म्हणाले, "तिथला परमिटवाला फार खडूस आहे म्हणे. जपून बोल." मी म्हटलं, "हो, ऐकलंय."

खिडकीशी आम्ही तिघं उभे राहिलो. मोजपट्टी, त्यांचा दुसरा गडी आणि मी. बाबांनी मला बघितलं आणि नजर कागदावर नेली. मी ठरवूनच आले होते. म्हटलं, "साहेब, टाकीत उतरायचं परमिट हवंय." साहेब शब्दावर त्यांचा पेन थोडा अडखळला.

मग जे सुरू झालं ते मला कधी विसरता येणार नाही. ते स्वतः टाकीपर्यंत आले. हवा तपासायचं यंत्र त्यांनी दोरीने आत सोडलं, वर, मध्ये, तळाशी. हवा चांगली होती. "पंखा अजून थोडा चालू दे," म्हणाले. पंखा चालवला. पुन्हा तपासली. चांगलीच होती. "यंत्र दुसरं आणा," म्हणाले. दुसरं आणलं, त्यानेही तेच सांगितलं. शिडी हलवून बघितली, दिवा बदलायला लावला, माझ्या कमरेच्या पट्ट्याचं बक्कल दोनदा ओढून बघितलं. मोजपट्टींनी घड्याळ बघितलं, गडी तोंड फिरवून हसला. माझे कान तापले. सगळं ठीक होतं, आणि ठीक आहे हे सगळ्यात जास्त त्यांनाच कळत होतं.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "साहेब, नाकारायचं असेल तर नाकारा. पण कारण लिहावं लागेल."

तसा नियम आहे, आणि तो त्यांनीच आणला आहे. परमिट नाकारलं तर कारण लिहायचं. ते त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. पेन टेकवला, उचलला. काय लिहिणार? माझी मुलगी आहे, असं?

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो ते टाकीत उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारतात. माझ्या आधी मोजपट्टींना विचारला, गड्याला विचारला, आणि मग माझ्याकडे वळले. "तुला स्वतःला जायचंय ना? कुणी ढकललेलं नाही ना? आत्ता नाही म्हणालीस तरी कुणी काही बोलणार नाही."

इतके दिवस घरात येरझारा घालून ते हेच विचारायचं टाळत होते, हे मला तेव्हा कळलं. कारण याचं उत्तर आलं की पुढे त्यांना काही उरत नव्हतं.

"मला जायचंय," मी म्हटलं.

त्यांनी सही केली.

त्यानंतर कुलपं. पैलवानकाकांच्या प्रकारानंतर काही वर्षांनी कारखान्यात ती पद्धत आली. पॅनलच्या खोलीत त्या त्या टाकीच्या स्विचला एक लोखंडी पट्टी असते, भोकांची. जो जो आत उतरणार, त्याने आपलं कुलूप त्या भोकात लावायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. एक जरी कुलूप लटकत असेल तोवर स्विच वर जात नाही. कुलपाला एक चिठ्ठी असते, सगळ्यांची सारखी छापलेली. "आत माणूस आहे. चालू करू नका. हे कुलूप मीच काढीन." खाली आपलं नाव. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. दुसऱ्याने किल्ली आणली तरी चालत नाही. कुणी किल्ली खिशात विसरून घरी गेला तर त्याला घरून बोलावून आणतात, आणि दुसऱ्या दिवशी बाबा त्याला खिडकीशी उभं करून असं काही सोलतात की तो जन्मात विसरत नाही. मी माझं नवं कोरं कुलूप लावलं, किल्ली वरच्या खिशात टाकून चेन ओढली आणि शिडीकडे गेले.

टाकीत उतरलं की आवाज बदलतो. स्वतःचा श्वास दुसऱ्याचा वाटतो. धुतलेल्या पत्र्यालाही जुन्या रंगाचा दर्प होता. पायाशी ती ढवळणी, माझ्या उंचीएवढी पाती, निश्चल. मी तिला वळसा घालून गेले, पण नजर पुन्हा पुन्हा तिच्याकडेच जात होती. भिंतीला जेलीसारखं मलम लावायचं, त्यावर यंत्राचं टोक टेकवायचं, आकडा ओरडून सांगायचा, पुढे सरकायचं. माझा हात बसला. मला ते काम आवडलं, अगदी पोटातून आवडलं.

फक्त वरून कुणीतरी दर थोड्या वेळाने ओरडत होतं, "आहेस ना?"

तोंडाशी उभं राहायला कारखान्याचा एक माणूस नेमलेला होता. पण त्याला बाजूला सारून बाबाच तिथे उभे होते. केबिन सोडून. उजेडाच्या गोल तुकड्यात त्यांचं डोकं दिसायचं आणि जायचं, दिसायचं आणि जायचं. तिथेही येरझारा.

"आहेस ना?"

"आहे! जाणार कुठे?" मी शेवटी खेकसले. मोजपट्टी हसले. "खडूस नाही ग," ते म्हणाले, "येडा आहे."

काम झालं. आम्ही वर आलो. बाबांनी माझ्याकडे आपादमस्तक बघितलं, हात मोजल्यासारखे, आणि परमिट बंद केल्याची सही केली. सही करताना त्यांचा हात इतका घाईत होता की कागद फाटला. मग ते निघूनच गेले. मी पॅनलच्या खोलीत जाऊन माझं कुलूप काढलं. पट्टीवर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून एक जुनं पितळी कुलूप होतं. वायरमनचं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. बाहेर आल्यावर मोजपट्टी म्हणाले, "सोमवारी ये. बॅग भरून." मला नाचावंसं वाटलं, पण मी कमरेचा पट्टा उगाच हळूहळू सोडत राहिले. कारण घरी जायचं होतं.

संध्याकाळी बाबा चपला घालून बाहेर गेलेले. घरात त्यांना चालायला जागा पुरत नव्हती म्हणून आता रस्ता धरला होता. आई भाजी निवडत होती. तिला सोमवारचं सांगितलं, तिने हातातली काडी खाली ठेवली, डोळे पुसले आणि म्हणाली, "मग बॅग काढायला हवी." तेवढ्यात फोन वाजला. कारखान्याचा वायरमन.

"ताई, काका आहेत का? अहो, पूर्ण लाइन खोळंबलीय. त्या टाकीच्या स्विचवर अजून एक कुलूप आहे."

"माझं मी काढलं," मी म्हटलं.

"तुमचं नाही हो. चिठ्ठीवर काकांचं नाव आहे."

मी त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच. बाबा तर टाकीत उतरलेच नव्हते. परमिट देणारा कुलूप लावत नसतो, त्याचा तिथे संबंध नाही. फिटरचे दिवस संपल्यापासून त्यांनी कुलूप लावलेलं नव्हतं.

बाबा दारात आले तेव्हा मी फोन हातात धरून तशीच उभी होते. "कारखान्यातून आहे," मी म्हटलं. "तुमचं कुलूप राहिलंय."

त्यांचा हात खिशात गेला. किल्ल्या बाहेर आल्या, घराच्या, केबिनच्या, कपाटाच्या, आणि त्यात ती, छोटी, पितळी. दिवसभर तीच खुळखुळवत होते ते. त्यांचा चेहरा असा झाला की मला हसूच आलं नाही. आई म्हणाली, "तुम्ही? तुम्ही किल्ली घेऊन घरी आलात?" ते दारातूनच मागे वळले. चपला पायात होत्याच.

मीही निघाले. त्यांनी अडवलं नाही.

पॅनलच्या खोलीत शिफ्टचा साहेब, वायरमन आणि आणखी चारजण ताटकळत होते. परमिटकाका सापडले, ही बातमी उद्या कारखानाभर होणार हे त्यांच्या तोंडांवर लिहिलेलं होतं. पट्टीवर ते एकच कुलूप लटकत होतं. चिठ्ठी वायरमनने सरळ केली होती. आत माणूस आहे. चालू करू नका. खाली बाबांचं नाव, त्यांच्या ठसठशीत अक्षरात.

"काका," शिफ्टचा साहेब तरुण होता आणि चेष्टेच्या सुरात बोलत होता, "तुम्ही तर आत गेलाच नव्हतात."

"नव्हतो."

"मग?"

बाबांनी कुलूप उघडलं, पट्टीतून काढलं, मुठीत धरलं. "मग काही नाही," म्हणाले. "कर चालू."

वायरमनने स्विच वर केला. भिंतीपलीकडे ढवळणी फिरायला लागली. तिचा घुमारा फरशीतून तळव्यांना जाणवला, आणि बाबांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला. मी हात सोडवून घेतला नाही.

परतताना रस्त्यावरचे दिवे लागले होते. बाबा भरभर चालत होते आणि कुलूप एका हातातून दुसऱ्या हातात करत होते.

"ते मला द्या," मी म्हटलं. "जाताना नेते."

"कुलूप कुणाला देत नसतात."

"तुमचं आहे म्हणून मागते."

"म्हणूनच देत नाही." ते थांबले. पहिल्यांदाच थांबले, इतक्या दिवसांत. "माझं कुलूप लावलंस की तुला वाटेल मी बाहेर उभा आहे. मी नसणार तिथे. कळतंय का? तू तुझंच लाव. आणि किल्ली कुणाच्या हातात देऊ नकोस. साहेब मागोत, म्होरक्या मागो. मी मागितली तरी नाही."

"बरं," मी म्हटलं. मग उगाच चिडून विचारलं, "मग हे कशात बसतं? लेट, अलाउ, परमिट?"

त्यांनी खरंच विचार केला. "कशातच नाही," म्हणाले आणि पुन्हा चालू लागले.

घरी आल्यावर ते हातपाय न धुताच आतल्या खोलीत गेले. स्टूल ओढल्याचा आवाज आला. मी जाऊन बघितलं तर ते माळ्याखाली स्टूल ठेवून, एक पाय वर टाकून उभे होते.

"बघत काय राहिलीस? धर ना. दोन्ही हातांनी."

मी स्टूल धरलं. ते वर चढले आणि कमरेपर्यंत माळ्यात शिरले. गाद्या सरकल्या, धूळ पडली. आई हात पुसत दारात आली. "अहो, उंचावर चढायचं परमिट घेतलंत का?" म्हणाली. मग तिला काय चाललंय ते कळलं आणि तिचा आवाज बदलला. "म्हणजे तिला हो म्हणालात?"

"म्हणालो ना," माळ्यातून आवाज आला.

"नाही म्हणालात," मी खालून म्हटलं.

वर क्षणभर काही हललं नाही. त्यांचे पाय तेवढे माझ्या डोळ्यांसमोर होते, टाचा उचललेल्या, धुळीने भरलेल्या. आत्ता मी बाहेर उभी होते आणि ते आत.

"आहात ना?" मी विचारलं.

"आहे." मग बॅगेचा कोपरा दिसला. "हो म्हणतोय. हो. आता स्टूल सोडू नकोस."